मंच्युरियन ते सुशी : ताटात नेमके काय आहे?

हातकणंगले, पेठ वडगाव किंवा इचलकरंजी. दिवेलागण झाली की रस्त्याच्या कडेला 'चायनीज'ची गाडी उजळते. यंत्रमागावरची पाळी संपवून आलेला कामगार, शिकवणीहून सुटलेली मुले आणि बाजारहाट उरकलेले कुटुंब, सारे एकाच बाकावर बसतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या मुलखात हक्का नूडल्स आता परके राहिलेले नाहीत. याच्या पुढची पायरी म्हणजे मोठ्या शहरांतील 'एशियन फ्यूजन' उपाहारगृहे. तेथे एकाच मेनूकार्डावर थाई करी, कोरियन किमची आणि जपानी सुशी शेजारी शेजारी नांदतात. शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईत गेलेली मुले आई-वडिलांना हौसेने तेथे नेतात, तेव्हा दोन प्रश्न हमखास उभे राहतात : हे नेमके काय आहे आणि ते आपल्याला चालणारे आहे का?

नाव चिनी, गाव भारतीय

चिनी लोकांची भारतातील पहिली वसाहत अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ झाली. तोंग अछ्यू या व्यापाऱ्याने तेथे उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून ते ठिकाण 'अछीपूर' म्हणून ओळखले जाते. ऊसपट्ट्यातील वाचकांना हा योगायोग गमतीचा वाटेल. पुढे कोलकात्याच्या चिनी वस्तीत भारतीय जिभेला रुचेल अशी पाककृती घडत गेली. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियन प्रथम केले, असे सांगितले जाते. आले, लसूण आणि हिरवी मिरची ही आपली फोडणी. त्यात सोया सॉस घालायचा आणि कॉर्नफ्लोअरने दाटपणा आणायचा, अशी ती युक्ती. कोल्हापुरी रश्श्याचा पायाही आले-लसणाचाच असल्याने हा पदार्थ येथे रुजायला वेळ लागला नाही.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे

सुशीची ओळख तिच्या भातामुळे ठरते. व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेल्या भाताचा पदार्थ म्हणजे सुशी. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना 'साशिमी' म्हणतात. मासे टिकवण्यासाठी ते मीठ लावून भातात आंबवण्याच्या जुन्या पद्धतीतून सुशी जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो, म्हणजे आजच्या तोक्यो शहरात, भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून ती झटपट विकली जाऊ लागली. म्हणजे आज महाग वाटणारी सुशीही मुळात गाडीवरचेच खाणे! तिचा भात आखूड दाण्याचा आणि चिकट असतो. आपल्या इंद्रायणी तांदळावरून त्या चिकटपणाची कल्पना येईल. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ मध्ये 'वसाबी बाय मोरिमोतो' सुरू झाले, तेव्हा हे खाणे श्रीमंतांपुरतेच होते. आज काकडी, अ‍ॅव्होकॅडो, इतकेच काय पनीर घातलेली शाकाहारी सुशीही मिळते.

शाकाहारी म्हणजे किती शाकाहारी?

हातकणंगले तालुक्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कुंभोजजवळचे बाहुबली हे जैनांचे तीर्थक्षेत्र याच तालुक्यात असून पंचक्रोशीत जैन समाज मोठा आहे. कांदा-लसूण वगळून 'जैन चायनीज' करून देणारी ठिकाणे आता नवी नाहीत. मात्र आशियाई स्वयंपाकातील मांसाहार अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. जपानी मिसो सूपचा आधार असलेला 'दाशी' हा अर्क बहुधा सुकवलेल्या माशापासून काढतात. थाई करीच्या वाटणात कोळंबीची चटणी, किमचीत माशाचा सॉस आणि भाज्यांच्या परतणीत ऑयस्टर सॉस असू शकतो. म्हणून 'यात मांस आहे का?' एवढेच न विचारता 'सॉस आणि सूप कशाचे आहे?' असे विचारावे. आंबवलेले पदार्थ वर्ज्य मानणाऱ्यांनी सोया सॉस आणि व्हिनेगरचाही विचार करावा. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, हे गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

भीती कशाची बाळगावी?

अजिनोमोटोचा बागुलबुवा मोठा आहे. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशैवालातून ही चव वेगळी काढली. पिकलेल्या टोमॅटोतही तोच घटक नैसर्गिकरीत्या असतो. १९६८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर तिच्याविषयी भीती पसरली. परंतु नंतरच्या नियंत्रित प्रयोगांत नेहमीच्या प्रमाणात सातत्याने अपाय आढळला नाही.

खरी काळजी घ्यावी ती शिळ्या भाताची. शिजवलेला भात तासन् तास उघड्यावर राहिला, तर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष नंतर परतूनही नष्ट होत नाही. फ्राइड राइससाठी भात आधी शिजवून ठेवतातच. तो लगेच गार करून शीतकपाटात ठेवला जातो का, हे महत्त्वाचे. कच्च्या माशाबाबत तर अधिकच सावध राहावे. त्यातील परोपजीवी मारण्यासाठी तो उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवावा, असा दंडक आहे; जिवाणू मात्र गोठवण्याने मरत नाहीत. समुद्र घाटापलीकडे असलेल्या आपल्या भागात ही शीतसाखळी अखंड राहील याची खात्री नसेल, तर शिजवलेली किंवा भाज्यांची सुशी मागवणेच शहाणपणाचे. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी कच्चा मासा टाळलेलाच बरा. उपाहारगृहात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक लावलेला आहे का, तेही पाहावे.

नवी चव घेण्यात कमीपणा नाही आणि प्रश्न विचारण्यातही नाही. ज्या मालकाला आपल्या स्वयंपाकघराची खात्री असते, तो अशा प्रश्नांनी रागावत नाही. चौकशी करून बसलेल्या माणसालाच मग ताटातील चव निवांतपणे घेता येते.