डोक्याचा किरकोळ मार
डोक्याला मार बसून क्षणभर शुद्ध हरपली, परंतु कवटी शाबूत आढळली, की रुग्ण बरा झाला असे मानले जाते. तरीही पुढे काही आठवडे डोकेदुखी, विस्मरण व चिडचिड त्याला छळू शकतात.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे डोरोथी ग्रोनवॉल व फिलिप राइटसन यांनी अशा रुग्णांना ठरावीक गतीने अंक ऐकवून प्रत्येक अंक त्याआधीच्या अंकात मिळवावयास सांगितले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, लक्षणे टिकून राहिलेल्यांचा माहिती हाताळण्याचा वेग मंदावलेला आढळला. लक्षणे ओसरली तसा तो पूर्ववत झाला. म्हणूनच या मंदपणाला आळस वा ढोंग समजणे अन्यायाचे ठरते. रुग्णाला हवी असते अल्प विश्रांती आणि बेताबेताने वाढणारे काम.