खिडकी कोणासाठी उघडी?

एपीआय म्हणजे एका प्रणालीने दुसऱ्या प्रणालींसाठी ठेवलेली खिडकी. ठरलेल्या नमुन्यात मागणी केली की माहिती मिळते. सेल्सफोर्स आणि ईबे यांनी 2000 मध्ये अशा खिडक्या उघडल्या, पण बहर आला तो 2005 मध्ये. पॉल रेडमाकर या प्रोग्रॅमरने क्रेगलिस्ट या संकेतस्थळावरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर बसवल्या. तशी अधिकृत सोय नव्हती. नकाशाचा कोड वाचून त्याने वाट काढली. गूगलने त्याला अडवलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नकाशाचा एपीआय सर्वांना खुला झाला आणि पुढे रेडमाकरलाही गूगलने नोकरीवर घेतलं. मोठेपणा म्हणतात तो हा!

2023 मध्ये वारं फिरलं. ट्विटरने जुनी मोफत सोय काढून घेतली. रेडिट या चर्चामंचाने एपीआयला दर लावले आणि 30 जूनला रेडिट वाचण्यासाठीचं ‘अपोलो’ हे लाडकं अ‍ॅप बंद पडलं. भाषा-मॉडेल घडवणाऱ्या कंपन्या आमचा मजकूर फुकट वापरतात, हे रेडिटचं एक कारण होतं.

खासगी कंपन्यांचं ठीक. सार्वजनिक पैशातून जमलेली माहिती मात्र खुलीच हवी. केंद्र सरकारच्या ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’वर नोंदणी केल्यास बाजार समित्यांमधले शेतमालाचे रोजचे भाव एपीआयने मिळतात.