चिल्का सरोवराचें नवें मुख व आपली खाडी

वीर-दासगांवाकडील शेतकऱ्यास समुद्र दिसत नाहीं, परंतु त्याच्या भरतीशीं संबंध रोजचा आहे. बाणकोटास भरती लागली म्हणजे सावित्रीच्या पात्रांतून खारें पाणी वर चढतें. उधाणांत बांध फुटला किंवा उघाडीची झडप नीट मिटली नाहीं, तर भाताचीं खाचरें मीठ धरतात. खारें पाणी बाहेर ठेवणें हा आपला पिढीजात उद्योग. तेव्हां ओडिशांत वाळूचा दांडा खणून समुद्रास मुद्दाम आंत घेतलें, ही हकीकत वाचकांस चमत्कारिक वाटेल.

चिल्का सरोवर व बंगालचा उपसागर यांमध्यें वाळूचा लांब दांडा आहे. महानदीच्या फाट्यांनीं आणलेला गाळ आंतून आणि किनाऱ्यालगत वाहणारी वाळू बाहेरून, अशी दुहेरी कोंडी होऊन जुनें मुख दूर सरकत गेलें व त्याची वाट उथळ झाली. भरती आंत पोहोंचेना. पाणी गोडें होऊं लागलें, पाणतण माजलें. १९८५-८६ सालीं सुमारें ८,६०० टन मासळी निघाली होती, ती १९९९-२००० सालीं १,७०० टनांच्या आसपास आली.

ह्या प्रश्नाचा अभ्यास आपल्या पुण्याजवळ, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रांत झाला. नंतर २३ सप्टेंबर २००० रोजीं चिलिका विकास प्राधिकरणानें नवें मुख उघडलें. समुद्राची वाट सुमारें १८ किलोमीटरांनीं कमी झाली. खारेपणा वाढला, तण हटलें, आणि २००१-०२ सालीं मासळी ११,००० टनांवर गेली. वाळूच्या किनाऱ्यावरील मुख मात्र एका जागीं स्थिर राहत नाहीं. २००८ सालीं समुद्रानें आपण होऊन आणखी एक तोंड फोडलें.

आपल्याकडे जुलै २०२१ च्या महापुरांत महाड बुडाल्यावर सावित्रीचा गाळ काढण्याची मागणी जोरांत झाली, व ती रास्तच आहे. परंतु पुराचें पाणी लवकर बाहेर नेणारी वाट भरतीसही लवकर आंत आणते. चिल्क्यांत नवें मुख होतांच भरती-ओहोटीच्या पाण्याची चढउतार वाढली. सावित्रीस तो नियम चुकणार नाहीं. कचेरींत गाळाची फाईल निराळी व खारबंदिस्तीची निराळी असते. दप्तरांत आयुष्य गेलेल्या माणसास याचें नवल वाटत नाहीं. म्हणून गांवानेंच दोन्ही कामांचा अर्ज एकत्र करावा. गाळ काढण्यापूर्वीं प्रत्येक उघाडीच्या भिंतीवर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची खूण करून तारीख घालावी. काम झाल्यावर दोन-तीन उधाणें पुन्हां पाहावीं. खूण वर सरकली, तर बांध तितका उंच करून मागतांना तीच नोंद अर्जास जोडावी.