साकाईचं झीरो आणि पेट्रोलचा हिशोब

जपानी नौदलाचा लढाऊ वैमानिक साबुरो साकाई म्हटलं की त्याने किती विमानं पाडली याचीच चर्चा होते. ६४ हा आकडा सर्रास छापला जातो, अभ्यासकांना तो फुगवलेला वाटतो. तो वाद राहू दे. आमच्यासारख्या यंत्रातल्या माणसाला त्याच्या आयुष्यात पेट्रोल जास्त बोलकं वाटतं.

साकाईचा जन्म १९१६चा, क्यूशू बेटावरच्या सागा भागातल्या गरीब घरातला. १९३३ साली साधा खलाशी म्हणून भरती झाला, युद्धनौकेवर तोफांपाशी राबला आणि १९३७ मध्ये वैमानिकांच्या तुकडीत पहिला आला.

१९४१च्या अखेरीस त्याचं पथक फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात होतं. तिथून थेट फिलिपाइन्सवर हल्ला करून परतायचं होतं. मग इंजिनाचे फेरे कमी ठेवून, हवेच्या मानाने पेट्रोल अगदी बेताचं सोडून उडायचा सराव झाला. साकाई सांगतो त्याप्रमाणे तासाला १३० लिटरच्या आसपासचा खप ७०च्या आत आला.

७ ऑगस्ट १९४२ला रबौलहून तो ग्वादलकनालवर गेला. अंतर सुमारे १,०४० किलोमीटर. समोरची अमेरिकन विमानं लढाऊ समजून तो मागून भिडला, पण ती निघाली बॉम्बर, मागे तोंड करून बसलेल्या मशीनगनवाल्यांची! गोळी डोक्याला लागली. उजव्या डोळ्याने दिसेना, डावं अंग लुळं पडलं. तशा अवस्थेत ४ तास ४७ मिनिटं उडत तो रबौलला उतरला.

आता हिशोब बघा. पोटाखालची जादा टाकी लढाईआधी टाकून देत. आतल्या टाक्या भरलेल्या धरल्या तरी सुमारे ५२० लिटर. जुन्या खपाने परतीलाच ६२० लागले असते. काटकसरीने ३३५ पुरतात. जिद्द होतीच हो, पण नुसत्या जिद्दीवर इंजिन चालत नाही.

हा लांब पल्ला आला कुठून? जेमतेम ९५० अश्वशक्तीचं इंजिन, म्हणून डिझायनर जिरो होरिकोशीने ग्रॅम-ग्रॅम वजन कापलं. वैमानिकामागे चिलखत नाही, गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या टाक्या नाहीत. साकाईच्या टाक्या वाचल्या म्हणून तो वाचला. कित्येक झीरो एका झोडपणीत पेटली. १९४४ मध्ये एका डोळ्याने तो इवो जिमावर पुन्हा लढला, तेव्हा समोर २,००० अश्वशक्तीची, चिलखती हेलकॅट होती आणि त्याचे बहुतेक जुने सोबती मेलेले होते.