गेममधला मित्र देश अचानक दगा का देतो? समजून घ्या मैत्रीमागचं गणित

समजा, तुम्ही स्टेलारिस खेळताय. चार तास खपून साम्राज्य उभं केलंय, शेजाऱ्याशी संरक्षण करार आहे, म्हणून त्या सीमेवर तुम्ही जहाजंच ठेवली नाहीत. आणि अचानक मेसेज येतो: करार रद्द! आपण म्हणतो, 'कॉम्प्युटरने दगा दिला.' पण खरं सांगायचं तर तो तुमचा मित्र कधी नव्हताच. तिथे फक्त एक बेरीज होती.

बेरीज कशी चालते?

2016 मध्ये आलेल्या या गेममध्ये प्रत्येक प्रस्तावाला कॉम्प्युटर प्लस-मायनस गुण देतो. तुमच्याबद्दलचं मत, करार टिकेल तसा वाढणारा विश्वास, तुमची लष्करी ताकद, सीमेवरची घासाघीस, समान शत्रू, असं सगळं त्यात येतं. बेरीज शून्याच्या वर गेली की 'हो', नाहीतर 'नाही'.

समजायला सोपे आकडे घेऊ. सुरुवातच −50 पासून. चांगलं मत +20, विश्वास +15, समान शत्रूची भीती +25. एकूण +10, म्हणजे करार पक्का. आता तुम्ही दोघांनी मिळून तो शत्रू संपवला. +25 गेले, उरले −15. तुम्ही काहीच चुकीचं केलं नाही, उलट जिंकलात! तरी मैत्री धोक्यात.

त्यात तुम्ही शेजाऱ्यांचे ग्रह जिंकत सुटलात, तर बाकीच्यांना तुमचीच भीती वाटायला लागते. मग 'समान शत्रू'चे प्लस गुण त्यांना एकमेकांसाठी मिळतात आणि ते तुमच्याविरुद्ध एकत्र येतात.

सगळे सारखे वागतात का?

नाही. स्वभावानुसार गुण बदलतात. 1993 च्या मास्टर ऑफ ओरायनमध्येही राजांना स्वभाव होते: कुणी शब्दाला जागणारा, कुणी निर्दयी, कुणी लहरी. लहरी राजा कारण नसताना करार मोडायचा.

आपल्या खानदेशातलं उदाहरण

हे गणित गेमवाल्यांनी हवेतून आणलेलं नाही. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातलं थाळनेर ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. एका बाजूला गुजरात, दुसरीकडे माळवा, खाली दख्खन. मधलं छोटं राज्य टिकवायचं तर कुणाशी जमवायचं, हा हिशेब सतत करावा लागे. पुढे राजा अली खानाने अकबराचं वर्चस्व मान्य केलं आणि 1597 मध्ये मुघलांच्या बाजूने लढताना तो मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर मात्र अकबराच्या विरोधात गेला. 1601 मध्ये असीरगड पडला आणि फारुकी राज्यच संपलं. दोन्ही बाजूंच्या ताकदीतला फरक बहादूरला महागात पडला.

मग खेळताना काय करायचं?

प्रस्ताव पाठवण्याआधी उत्तराच्या चिन्हावर कर्सर ठेवा, प्लस-मायनसची यादी दिसते. करार झाल्यावरही ती अधूनमधून बघत जा. युद्ध संपवण्याआधी एक प्रश्न विचारा: हा शत्रू गेल्यावर माझ्या मित्राकडे माझ्यासोबत राहायला कोणतं कारण उरतं? उत्तर सापडलं नाही, तर चार जहाजं त्या सीमेवर आधीच पाठवा.