पकडणाऱ्याची परीक्षा

फोनवर अँटीव्हायरस टाकला, हिरवी खूण उमटली, की आपण निर्धास्त. आत काय चालतं, कोण बघतो? ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ प्रयोगशाळेने २०१९ मध्ये अँड्रॉइडची अशी २५० अ‍ॅप्स तपासली. प्रत्येकापुढे २००० घातक अ‍ॅप्स सोडली. निदान ३० टक्के पकडणारी आणि निर्दोष अ‍ॅपवर आळ न घेणारी निघाली फक्त ८०. काही महाभाग तर समोरचं अ‍ॅप तपासतच नव्हते. जवळ ओळखीच्या नावांची यादी, यादीबाहेरचा तो चोर! त्यातही काहींच्या यादीत स्वतःचंच नाव टाकायचं राहिलेलं. त्यांनी स्वतःलाच पकडलं.

हे घरबसल्या आपल्याला कधीच कळलं नसतं. म्हणून जाहिरातीपेक्षा मला असे निकाल भरवशाचे वाटतात. अर्थात, परीक्षा म्हटली की कॉपी आलीच. चीनच्या ‘चीहू ३६०’ या अँटीव्हायरस कंपनीने तपासणीला दिलेल्या आवृत्तीत बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचं विषाणू शोधणारं इंजिन चालू होतं, चीनमधल्या ग्राहकांकडे ते मुळातच बंद असायचं. २०१५ मध्ये तीन प्रयोगशाळांनी मिळून हे उघड केलं आणि चीहूचे त्या वर्षीचे निकाल रद्द केले.

मी निकालात आधी आवृत्ती नि तारीख बघतो, मग ‘खोटे इशारे’ हा रकाना. गुण त्यानंतर.