दाखला ६९ रुपयांचा, मग अडीचशे कशाचे?

सेवा केंद्रावरचे सरकारी शुल्क किती, केंद्रचालकाचा वाटा किती आणि जादा पैसे मागितले तर काय करायचे? नांदेड-लातूरच्या विद्यार्थी, पालक आणि शेतकऱ्यांसाठी सोप्या शब्दांत हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की नांदेड आणि लातूरमध्ये दोन ठिकाणी रांगा लागतात. एक महाविद्यालयासमोर आणि दुसरी तहसील परिसरातल्या आपले सरकार सेवा केंद्रासमोर. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचे प्रमाणपत्र, नॉन क्रिमिलेयर यांपैकी एक कागद कमी पडला तरी प्रवेशाची गाडी अडते. मुदत जवळ आलेली असते, पालक घाईत असतात. अशा वेळी काउंटरवरून 'अडीचशे द्या' असे ऐकू आले, तर हे पैसे कशाचे हे विचारायला फारसे कोणी थांबत नाही.

विचारायला मात्र हवे. या दाखल्यांचे दर सरकारने ठरवून दिलेले आहेत आणि केंद्रचालकाची कमाईही त्याच दरात धरलेली आहे.

अधिकृत शुल्क किती?

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अनेक वर्षे ३३ रुपये ६० पैसे लागत होते. त्यात २० रुपये सेवाशुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३ रुपये ६० पैसे आणि १० रुपये कोर्ट फी असा हिशेब होता.

राज्य सरकारने २०२५ मध्ये सेवाशुल्क २० वरून ५० रुपये केले. आताचा हिशेब असा:

• सेवाशुल्क : ५० रुपये
• त्यावर १८ टक्के जीएसटी : ९ रुपये
• कोर्ट फी : १० रुपये
• एकूण : ६९ रुपये

प्रत्येक सेवेची रक्कम सारखी नसते. जातीच्या आणि नॉन क्रिमिलेयरच्या दाखल्याला उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा जास्त शुल्क आहे. म्हणून केंद्रावरचा दरफलक पाहणे आणि पावतीवरची रक्कम वाचणे हाच सगळ्यात खात्रीचा उपाय.

या ५० रुपयांत केंद्रचालकाला काय मिळते?

सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. ५० रुपयांची विभागणी अशी आहे:

• केंद्रचालक : ३२ रुपये ५० पैसे (६५ टक्के)
• महाआयटी : १० रुपये (२० टक्के)
• जिल्हा सेतू सोसायटी : ५ रुपये (१० टक्के)
• राज्य सेतू केंद्र : २ रुपये ५० पैसे (५ टक्के)

म्हणजे 'सरकारचे वेगळे, आमचे वेगळे' हा हिशेब बरोबर नाही. अर्ज भरणे, कागदपत्रे अपलोड करणे आणि दाखला देणे या कामाचा मोबदला ६९ रुपयांतच आलेला आहे.

मग जादा पैसे कोणत्या नावाने घेतले जातात?

साधारणपणे चार नावे कानावर पडतात.

पहिले, 'स्कॅनिंग-झेरॉक्सचे'. फोटो काढून घेतला किंवा आधार, रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढल्या तर त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, हे कोणीही मान्य करेल. पण चार पानांच्या झेरॉक्सचे शंभर रुपये होत नाहीत. झेरॉक्सचे किती आणि दाखल्याचे किती, हे वेगवेगळे सांगायला लावावे.

दुसरे, 'अर्जंटचे'. उत्पन्नाच्या दाखल्याला तातडीचे असे कोणतेही वेगळे अधिकृत शुल्क नाही. लोकसेवा हक्क कायद्याखाली उत्पन्न आणि रहिवासी दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे. ही मुदत सगळ्यांना सारखीच लागू असते. 'लवकर काढून देतो' म्हणून घेतलेल्या पैशाची पावती कधीच मिळत नाही, यातच सगळे आले.

तिसरे, 'साहेबांचे'. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसील कार्यालयातल्या कोणाच्या नावावर पैसे मागितले जात असतील, तर तो शुल्काचा विषय राहत नाही. ती लाच आहे. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

चौथे, 'बाँडचे'. हे नाव सगळ्यात महागात पडते.

५०० रुपयांचा बाँड लागतो का?

नाही. राज्यात १६ ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी किमान ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क लागू झाले. त्याचा फटका दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्र करणाऱ्या विद्यार्थ्यांना बसू लागला. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी उत्पन्न, रहिवासी, जात पडताळणी, नॉन क्रिमिलेयर आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्रांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना हे शुल्क माफ केल्याचे जाहीर केले. साध्या कागदावर स्वतःच्या सहीने लिहिलेले प्रतिज्ञापत्र चालते.

तरीही कोणी ५०० चा बाँड आणायला सांगत असेल, तर 'माफी जाहीर झाली आहे, साध्या कागदावर घ्या' असे ठामपणे सांगता येते. ६९ रुपयांच्या दाखल्यासाठी ५०० रुपयांचा कागद विकत घेण्याची गरज नाही.

शे-दोनशे रुपयांनी असा काय फरक पडतो?

समजा, मुखेड तालुक्यातल्या एका मुलीला लातूरला प्रवेश घ्यायचा आहे. तिला उत्पन्न आणि रहिवासी असे दोन दाखले हवेत. अधिकृत हिशेबाने दोन्ही मिळून १३८ रुपये होतात. केंद्रावर प्रत्येकी अडीचशे घेतले तर ५०० रुपये जातात, म्हणजे ३६२ रुपये जादा. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे आईचा किंवा वडिलांचा एक अख्खा दिवस दोन कागदांच्या वरच्या खर्चातच जातो. त्यात गावाहून येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेला रोज वेगळाच.

दुसरी बाजू याहून मोठी आहे. ८ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला. त्या माफीचा दरवाजा उत्पन्नाच्या दाखल्याने उघडतो. दाखला वेळेत मिळाला नाही तर हजारोंची सवलत अडकते. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक असते आणि पालकांनाही. म्हणूनच पालक वाद घालत नाहीत, मुकाट्याने पैसे देतात.

केंद्रचालकांचे म्हणणे काय?

त्यांची बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. जुन्या २० रुपयांत त्यांच्या हाती फार थोडे पडत असे. गाळ्याचे भाडे, वीज, इंटरनेट, प्रिंटरची शाई, कामाला ठेवलेल्या मुलाचा पगार हे सारे त्यातूनच भागवायचे. सर्व्हर बंद पडला की दिवसभराची रांग तशीच थांबते. मग रात्री उशिरापर्यंत बसून अर्ज भरावे लागतात. कागद अपुरे म्हणून अर्ज परत आला की तेच काम पुन्हा करावे लागते, लोकांची बोलणीही ऐकावी लागतात.

सेवाशुल्क वाढवण्यामागे हेच कारण होते. पण दर वाढल्यावर वरकमाई थांबायला हवी होती. केंद्रांची संख्या वाढावी म्हणून निकषही बदलले. ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ग्रामपंचायतीत दोन आणि त्याहून मोठ्या ग्रामपंचायतीत चार केंद्रे देता येतात. गावात दुसरे केंद्र असेल तर लोकांना पर्याय मिळतो. किनवट-माहूरसारख्या भागात, जिथून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर आहे, तिथे हा पर्याय जास्त मोलाचा आहे.

'ऑनलाईन कामे केली जातील' या दुकानांचे काय?

इथे बरीच गल्लत होते. आपले सरकार सेवा केंद्र हे जिल्हा प्रशासनाने नेमलेले असते. त्याला नाव, क्रमांक आणि ठरलेले दर असतात. शेजारचे 'मल्टी सर्व्हिसेस' किंवा नेट कॅफे हे खासगी दुकान असते. तिथला माणूस तुमच्याच नावाने पोर्टलवर नागरिक म्हणून नोंदणी करतो, अर्ज भरतो आणि आपली मजुरी घेतो. त्या मजुरीवर सरकारी दरफलक नसतो.

अशा दुकानात जायला हरकत नाही, पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा. दुकानदाराचा क्रमांक टाकला तर ओटीपी आणि अर्जाचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि पुढच्या प्रत्येक कामाला त्याच्याच दारात जावे लागते. दुसरे, अर्ज क्रमांक लिहून घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

दुकानातून सरकारी परवाना घेताना वरचे पैसे लागतात, हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मासेमारीचा परवाना खेळसाहित्याच्या दुकानातही विकत मिळतो आणि त्यावर दुकानदाराचे छोटेसे शुल्क लागते. अनेक राज्यांत ते किती घ्यायचे हे नियमानेच ठरलेले असते. दुकानदाराला मोबदला मिळण्यात गैर काही नाही. तो किती, हे घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे, एवढेच.

शेतकऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

पीक विमा : विमा अर्ज भरण्यासाठी सीएससी केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळतात. शेतकऱ्याने फक्त आपल्या वाट्याचा हप्ता भरायचा. एक रुपयात विम्याची योजना खरीप २०२५ पासून बंद झाली. आता खरिपाच्या सोयाबीनसारख्या पिकाला विमा रकमेच्या २ टक्के आणि रब्बीला दीड टक्का हप्ता आहे. हप्ता वाढला म्हणून 'फॉर्म भरण्याचे' वेगळे पैसे द्यायचे असा त्याचा अर्थ होत नाही. तक्रारीसाठी १४४४७ हा क्रमांक आहे.

सातबारा : डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. नुसता पाहायचा असेल तर पैसे लागत नाहीत.

आधार : नवी नोंदणी मोफत आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता यांसारख्या दुरुस्तीला ७५ रुपये आणि बोटांचे ठसे, डोळे, फोटो अद्ययावत करायला १२५ रुपये लागतात. जादा मागितल्यास १९४७ वर तक्रार करता येते.

जादा पैसे मागितले तर काय कराल?

१. आधी दरफलक विचारा. अधिकृत केंद्रात तो दिसेल अशा ठिकाणी असायला हवा.

२. पावती मागा. 'दादा, जेवढे घेतले तेवढ्याची पावती द्या' एवढे एक वाक्य पुष्कळदा पुरते. पावतीवर ६९ आणि हातातून गेले अडीचशे, असे झाले तर तोच पुरावा.

३. शक्य असेल तर रोख देण्याऐवजी यूपीआयने द्या. किती रक्कम कोणाला गेली याची नोंद मोबाइलमध्ये राहते.

४. केंद्राचे नाव, तारीख, वेळ आणि अर्ज क्रमांक लिहून तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातील सेतू विभागाकडे लेखी तक्रार द्या. केंद्राची परवानगी जिल्हा पातळीवरूनच मिळते, त्यामुळे कारवाईही तिथूनच होते. आपले सरकार पोर्टलची मदतवाहिनी १८०० १२० ८०४० ही आहे.

५. दाखला मुदतीत मिळाला नाही तर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी सेवा हक्क आयोग असे तीन टप्पे आहेत. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. थोडक्यात, पैसे जादा घेतले तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि उशीर झाला तर अपील.

स्वतः अर्ज करता येतो का?

येतो. आपले सरकार पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून दाखल्यांसाठी घरबसल्या अर्ज करता येतो. पैसे भरण्याआधी पूर्ण रक्कम स्क्रीनवर दिसते. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि फोटो यांच्या स्पष्ट प्रती ठरलेल्या आकारात तयार ठेवल्या की निम्मे काम होते. अर्ज परत येण्याचे कारण बहुतेक वेळा अंधुक फोटो किंवा आधारवरच्या आणि शाळेच्या दाखल्यावरच्या नावातला फरक हेच असते.

सगळ्यात सोपा उपाय मात्र वेळेचा आहे. नॉन क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे नवे आर्थिक वर्ष लागताच एप्रिलमध्ये अर्ज करता येतो. निकालाची वाट पाहत बसले की जूनच्या गर्दीत सापडणार हे ठरलेले. एप्रिलमध्ये केंद्र रिकामे असते, हातात महिना-दोन महिने असतात आणि 'अर्जंटचे' म्हणून कोणी पैसे मागितले तर 'मला घाई नाही' असे सांगता येते.